फाट्यावरची चौकशी खिडकी

आज सकाळी तुमच्या वडिलांनी पाठवलेला तो मेथीच्या पाण्याचा व्हिडिओ तुम्ही खरंच पाहिलात, की न उघडताच जोडलेल्या हातांचं चित्र टाकून मोकळे झालात?

मी हे रागानं विचारते आहे, ते लपवत नाही. ज्या माणसांनी आपल्याला तापात खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं, त्यांच्या हातात आपण एक फोन दिला. तो चालू कसा करायचा, आवाज कुठून वाढवायचा, एवढं दाखवलं आणि आपापल्या कामाला लागलो. त्या फोनमधून कोण बोलतंय, का बोलतंय, त्याचं किती ऐकायचं, हे दाखवायला आपल्याकडे वेळ नव्हता. मग त्यांनी लसणाचे, कारल्याचे, तांब्याच्या कड्याचे मेसेज पाठवायला सुरुवात केली आणि आपण त्यांना हसलो.

शहादा तालुक्यात एका माणसाकडे वेळ होता. तो आता नाही. दुपारचे चार वाजले की त्याचा आवाज ऐकू येत नाही, ही गोष्ट माझ्या अजून अंगवळणी पडलेली नाही.

सगळे त्यांना कंट्रोलर म्हणायचे. अख्खी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. चौकशीच्या खिडकीत बसायचं, गाड्यांच्या वेळा सांगायच्या आणि लाउडस्पीकरवर घोषणा करायची. निवृत्तीनंतर खिडकी गेली, लाउडस्पीकर गेला, पण आवाज राहिला. लोणखेडा फाट्यावर एक जुना प्रवासी निवारा आहे. गाड्या आता पुढे कॉलेजसमोर थांबतात, त्यामुळे तिथं कुत्री आणि पत्ते खेळणारे, एवढेच प्रवासी उरले होते. कंट्रोलरांनी पत्तेवाल्यांना हुसकलं, कुत्र्यांना राहू दिलं आणि तिथं म्हाताऱ्यांचा वर्ग भरवायला सुरुवात केली. विषय एकच: फोनवर तब्येतीविषयी जे येतं ते तपासायचं कसं, आणि आपल्याला जे हवं ते शोधायचं कसं.

वर्ग हजेरीनं सुरू व्हायचा. हजेरी म्हणजे घोषणा. डाव्या हाताचा पोंगा तोंडाशी धरून, नाकातून, लाउडस्पीकरच्या खरखरीसकट ते सुरू व्हायचे. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. कळसाडीहून येणाऱ्या जमनाबेन फलाट क्रमांक दोनवर येत आहेत. शहाद्याहून येणारे शेठजी आज उशिराने धावत आहेत." आणि किराणा दुकान मुलावर सोपवून स्कूटरवरून येणारे शेठजी रस्त्यापलीकडून ओरडायचे, "अरे साहेब, आलो ना! गिऱ्हाईक होतं!"

एरवी ते अहिराणीच बोलत. शुद्ध मराठी फक्त घोषणेसाठी राखून ठेवलेली. मला वाटायचं, ही गंमत आहे. पण ती त्यांच्या शिकवण्यातली पहिली पायरी होती. फोनशी तोंडी बोलून काही शोधायचं तर अहिराणी त्याला कळत नाही. जमनाबेन फोन तोंडासमोर धरून म्हणाल्या, "मन्हा गुडघा दुखी ऱ्हायना," आणि फोननं त्यांना लग्नातली गाणी दाखवली. सगळा निवारा हसला. कंट्रोलर हसले नाहीत.

"फोन सरकारी माणूस शे, बेन," ते म्हणाले. "त्याच्यासंगे सरकारी बोलनं पडस."

मग त्या सगळ्या बाया आणि बाप्ये पाठ ताठ करून, पंधरा ऑगस्टला भाषण करावं तसे फोनशी बोलायला लागले. "माझा गुडघा दुखत आहे. कारणे सांगा." जन्मभर ज्या भाषेनं त्यांना कचेरीत आणि दवाखान्यात गप्प बसवलं होतं, त्या भाषेत ती माणसं आता हुकूम सोडत होती. मला तेव्हा काय वाटलं ते मला आजही नीट लिहिता येत नाही. एवढंच सांगते, की त्या निवाऱ्यासमोरून जाणारी कॉलेजची मुलं हसायची आणि मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं.

कंट्रोलरांचा फोन स्टीलच्या जेवणाच्या डब्यात असायचा. खिशात कधीच नाही. फोन वाजला की ते शांतपणे डब्याच्या कड्या उघडत. तोवर बहुतेक वेळा समोरच्यानं ठेवून दिलेला असे. "ज्याले काम व्हई तो परत करी," असं म्हणून ते कड्या लावून टाकत. मेसेज वाचल्यावर लगेच बोट हलवायचं नाही, हा त्यांचा नियम. आधी फोन बाकड्यावर पालथा ठेवायचा. टपरीवरचा चहा यायचा, तो संपवायचा, मग फोन सरळ करायचा. जो मेसेज चहा संपेपर्यंत थांबू देत नाही, ज्याच्यात 'ताबडतोब', 'आत्ताच', 'सगळ्यांना' असं लिहिलेलं असतं, त्याच्याकडे ते मुद्दाम शेवटी बघत. घाई करणारी गाडी बहुधा खाजगी असते, असं त्यांचं निरीक्षण होतं.

त्यांची सगळी तपासणी स्टँडवरूनच आलेली. कुठल्याही मेसेजवर पहिला प्रश्न असायचा, "गाडी कोठून सुटनी?" म्हणजे हे मूळ कुणी लिहिलं, कुठल्या दवाखान्यानं, कुठल्या कॉलेजनं, कुठल्या डॉक्टरनं, नावगाव आहे का. मग कधी सुटली. जुनाट सल्ला नव्या कपड्यात फिरत असतो, हे त्यांनी म्हाताऱ्यांना पटवलं होतं. आणि भाडं कुणाच्या खिशात जातंय? खाली मागणी नोंदवायचा नंबर असेल, तर वरचं सगळं बोलणं त्या नंबरसाठीच आहे, असं समजायचं. फोनवर शोधलं की सगळ्यात वर जी उत्तरं येतात आणि बारीक अक्षरात 'जाहिरात' असं लिहिलेलं असतं, त्यांना ते काळी-पिवळी म्हणत. स्टँडच्या दारात उभं राहून "चला नंदुरबार, नंदुरबार!" असं ओरडत प्रवासी ओढणाऱ्या जीपगाड्या. "वरडस तो आधी दिखस," ते म्हणत, "आपली गाडी तेच्या मांगे उभी ऱ्हास. खाली जा." आणि सगळे खाली सरकत, सरकारी आरोग्य खात्याचं किंवा एखाद्या मोठ्या रुग्णालयाचं पान सापडेपर्यंत.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. ती मी शहरात शिकलेल्या मित्रांना सांगते तेव्हा तेही चपापतात. शेठजी शोधताना लिहायचे, 'लसूण खाऊन रक्तदाब जातो'. आणि फोन त्यांना ढिगानं लसूण दाखवायचा. कंट्रोलर म्हणाले, "शेठ, खिडकीवर येऊन तुम्ही विचारतात, 'तीनची गाडी आहे ना?' मी कटाळेल असेल तर हो म्हनस. तुम्ही विचारा, 'गाडी कधी शे?' उत्तर तुम्हीच देऊ नका."

शेठजींशी त्यांचं रोजचं भांडण. सगळ्यात महागडा फोन शेठजींचा आणि सगळ्यात जास्त मेसेज पुढे ढकलणारेही तेच.

"साहेब, हा तरी सोडू द्या," शेठजी अजिजीनं म्हणायचे. "माझ्या साडूनं पाठवलाय. साडू खोटं बोलेल का?"

"साडू कंडक्टर शे, शेठ. ड्रायव्हर कोन शे ते सांगा."

"ते साडूला माहीत नाही."

"मंग कंडक्टर ओळखीना शे म्हनीसन गाडीमा बसानं का?"

हे वाक्य आमच्या भागासाठी किती कळीचं आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे मेसेज कोणी लिहिला हे कुणी बघत नाही, कोणी पाठवला ते बघतात. जावयाचा मेसेज. मामेसासऱ्याचा मेसेज. तो तपासणं म्हणजे त्या माणसाला तपासणं. आणि नात्यातल्या माणसाला तपासायचं नसतं.

या सगळ्यात कंट्रोलरांना सर्वात जास्त अभिमान कशाचा होता? 'माहीत नाही' म्हणण्याचा. कुणी विचारलं, "या काढ्यानं काही होतं का?" आणि त्यांना उत्तर सापडलं नाही, तर ते पोंगा करून घोषणा करत, "चौकशी खिडकीला माहीत नाही. प्रवाशांनी डॉक्टरांकडे जावे." ते मला एकदा म्हणाले होते, की खिडकीत बसणारा सगळ्यात वाईट माणूस म्हणजे माहीत नसताना बोट दाखवणारा. त्याच्यामुळे माणूस भलत्या गाडीत बसतो आणि रात्रभर कुठल्यातरी फाट्यावर अडकतो.

मी तिथं कशी गेले ते सांगायचं राहिलं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आमच्या घरी खुर्च्या कमी आणि छापील गठ्ठे जास्त. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचायला शिकलेला पहिला मोठा शब्द. भोंदू औषधं विकणाऱ्यांविरुद्ध मी एक जळजळीत पत्रक काढलं होतं आणि ते म्हाताऱ्यांना वाटायला फाट्यावर गेले होते. कंट्रोलरांनी ते घेतलं, बाकड्यावर पालथं ठेवलं, चहा प्याले आणि मग सरळ केलं.

"हाई कोनी लिखं?"

"खाली आहे ना. एक जागरूक नागरिक."

"हाऊ कोठे ऱ्हास?"

शेठजी फसकन हसले. मी म्हणाले, "नाव महत्त्वाचं नाही, मुद्दा महत्त्वाचा आहे."

"तारीख नही. पत्ता नही. भेव मात्र भरपूर शे," ते म्हणाले. "माय, हाऊ बी फॉरवर्डच शे. फक्त कागदवर."

मी भडकले. मी म्हणाले, की विष विकणाऱ्यांशी लढताना एवढा सोवळेपणा परवडत नाही. ते म्हणाले, की विकणाराही हेच म्हणतो. आम्ही तासभर भांडलो आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भांडायला गेले. मग रोज जायला लागले. त्यांच्या म्हणण्यावरून मी पत्रकाखाली माझं नाव आणि पत्ता छापू लागले. "शिवी देवाले माणूस कोठे येई, ते लिख," एवढीच त्यांची अट होती. पण भीती दाखवायची नाही, हे त्यांचं म्हणणं मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही पूर्ण मानत नाही. काही गोष्टींची माणसाला भीती वाटलीच पाहिजे. हे आता कुणाला सांगून भांडायचं?

जमनाबेनांचा जीव अशाच एका गोष्टीनं जाता जाता राहिला.

जमनाबेन कळसाडीच्या. गुजर घरातल्या, ऊस-कापसाच्या शेतीत हयात गेलेल्या. बोलणं अर्धं गुजर, अर्धं अहिराणी. साखरेचा आजार जुना, रोज दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागायचं. मुलगी विसरवाडीला दिलेली. व्याह्यांचं हायवेला टायरचं दुकान, माणूस मोठ्या मनाचा आणि मोठ्या तोंडाचा. उन्हाळ्यात जमनाबेन वर्गात सारख्या पाणी मागायला लागल्या. टपरीवरचा माठ त्यांनीच संपवला. एके दिवशी त्यांना मळमळायला लागलं आणि नुसतं बसल्या बसल्या धाप लागली. कंट्रोलरांनी त्या दिवशी घोषणा केली नाही, सरळ रिक्षा थांबवली. शहाद्याच्या दवाखान्यात त्यांना दाखल करून घेतलं. डॉक्टरांनी आम्हालाच झापलं. बाईंनी इन्सुलिन बंद केलं होतं.

व्याह्यांनी चूर्णाची बरणी पाठवली होती. सोबत व्हिडिओ. 'इन्सुलिन कायमचं सुटेल.' जमनाबेनांनी त्या व्हिडिओला आमच्यासमोर एकदाही प्रश्न विचारला नव्हता, कारण तो व्याह्यांचा होता.

त्या बऱ्या होऊन आल्या. बरणी फेकली, इन्सुलिन पुन्हा सुरू केलं. मुलीला सांगितलं, उन्हानं चक्कर आली. आम्हाला वाटलं, विषय संपला.

मग एका दुपारी शेठजींनी चहा संपवला, फोन सरळ केला आणि नवा मेसेज शिस्तीत तपासायला घेतला. "साहेब, आज बघा, एकदम पक्की गाडी आहे," ते मोठ्यांदा म्हणाले. "गाव दिलंय. कळसाडी. नाव दिलंय. तारीख कालची. पाठवणारा म्हणतो, माझ्या सख्ख्या विहीणबाई आहेत, इन्सुलिन कायमचं सुटलं, स्वतः विचारून खात्री करा. फोटो पण आहे. सोडू?"

त्यांनी फोन फिरवून दाखवला. हिरवी बांधणी नेसलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या जमनाबेन. मुलीच्या लग्नातला फोटो. खाली चूर्ण मागवायचा नंबर.

जमनाबेन शेठजींच्या समोरच्या बाकड्यावर बसल्या होत्या. सलाइनच्या सुईचा काळानिळा डाग अजून त्यांच्या हातावर होता.

कुणी हसलं नाही. जमनाबेनांनी पदर पुढे ओढला आणि सांगितलं ते असं. व्याह्यांचा फोन आला होता. त्यांनी विचारलं, "गुण आला ना, बेन?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "हो, उना." बस, एवढंच. व्याह्यांनी मायेनं पाठवलेल्या औषधाला गुण नाही असं मुलीच्या आईनं कसं म्हणायचं?

कंट्रोलरांनी शेठजींचा फोन घेतला आणि बाकड्यावर पुन्हा पालथा ठेवला. खालचा नंबर सोडला, तर त्यांच्या सगळ्या प्रश्नांना त्या मेसेजनं बरोबर उत्तर दिलं होतं. नाव खरं, गाव खरं, माणूस खरा, नातं खरं. आणि बातमी खोटी. मग त्यांनी जमनाबेनांना हळूच विचारलं, "याहीनी विचारं तवय तुमले 'नही' म्हनता येत व्हतं का?"

जमनाबेनांनी मान हलवली. नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांच्या चौकशीत एक नवा प्रश्न आला. 'मला गुण आला' असं कुणीही म्हणालं की ते विचारत, हा माणूस 'नाही' म्हणायला मोकळा होता का? हा प्रश्न मी त्यानंतर कितीतरी पुस्तकांत शोधला, मला सापडला नाही.

पण तेव्हा मला प्रश्न नको होता, कृती हवी होती. मी म्हणाले, "बेन, आत्ताच्या आत्ता व्हिडिओ काढू. तुम्ही सांगा, मी दवाखान्यात पडले होते म्हणून."

"मन्ही पोर तठे शे," जमनाबेन म्हणाल्या आणि रडायला लागल्या. व्याह्यांना चारचौघांत खोटं पाडलं तर ते काय करतील, ते नाही. त्या घरात मुलीला उद्यापासून काय ऐकावं लागेल, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

"आणि हा फोटो बघून ज्या बाया इन्सुलिन सोडतील?" मी ओरडले. "त्यांच्या पोरींचं काय?"

कंट्रोलर माझ्याकडे वळले. "तुन्ही पोर त्या घरमा नही, माय," ते म्हणाले. मी काही बोलणार तोच पुढे म्हणाले, "पन तू म्हनस ते बी खरं शे. त्या बी पोरीच शेतस. म्हनीसन जानं पडी."

आम्ही विसरवाडीला गेलो. जमनाबेन, कंट्रोलर आणि मी. शहाद्याहून नंदुरबार, तिथून दुसरी गाडी. वाटेत प्रकाशा गावाजवळच्या नदीच्या पुलावर मी माझं भाषण मनात जुळवत होते. त्यांनी ते ओळखलं. "आज तू फक्त जेवानं," ते म्हणाले.

व्याही खरोखरच मोठ्या मनाचे निघाले. त्यांनी दुकान नोकरावर सोपवलं, आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी, चहा, पंखा. मुलगी आईला बघून फुलली. कंट्रोलर व्याह्यांशी हायवेवरच्या गाड्यांविषयी बोलत बसले. मेसेजचा विषय नाही. मी आतून उकळत होते. मग ताटं आली. विहीण आली म्हणून तुपात न्हालेली लापशी, तीही वाटीभर नाही, ताटभर. व्याही स्वतः वाढत होते. "घ्या बेन, आता तुम्हाला कसली बंदी नाही," ते कौतुकानं म्हणाले.

जमनाबेनांच्या डोक्यावर पदर होता. व्याह्यांसमोर तो कधी ढळत नाही. त्यांनी पिशवी जवळ ओढली, थंड पिशवीतून बाटली काढली, सुई काढली, बाटली उजेडाकडे धरून औषध भरून घेतलं. पदर डोक्यावर तसाच ठेवून, पदराच्या आडून त्यांनी पोटाला सुई टोचली. मुलीच्या सासरच्या माणसांसमोर आजवर त्यांनी ही सुई कधी काढली नव्हती. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

"मनवर नका लेऊ, याही," जमनाबेन ताटाकडे बघत म्हणाल्या. "मन्हं औषध हाईच शे. ते बंद करं तवय मी दवाखानामा व्हतू."

व्याह्यांच्या हातातला चमचा तसाच राहिला. "बेन, मंग फोनवर तुमीच सांगं ना, गुण उना म्हनीसन?"

"तुमी एवढी माया करीसन धाडं. नही कशी म्हनू?"

मला वाटलं, आता भडका उडणार. पण आवाज आला तो स्वयंपाकघराच्या दारातून. व्याह्यांच्या पत्नी इतका वेळ चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "यास्नी बी गोळ्या बंद करेल शेतस. बीपीन्या. तेच चूर्ण खातस. माले बोलू देतस नही." आणि पुढे होऊन त्यांनी जमनाबेनांसमोरची लापशी उचलली, आत गेल्या आणि भाकरी-भाजी घेऊन आल्या. त्या बाईच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती मी विसरणार नाही. त्या घरात कुणीतरी हे बोलावं, याची ती बाई कधीची वाट बघत होती.

व्याह्यांनी लापशीचं पातेलं बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "टाकेल मेसेज कसा परत लेऊ? आते जर सांगं तर लोके हसतीन."

तेव्हा कंट्रोलर त्या विषयावर पहिल्यांदा बोलले. "स्टँडवर मन्हाकडून चुकीनी घोषणा व्हई जाये, तं सुधारेल घोषणा बी मीच करू. दुसराले माइक देवू नही. लोके आवाज वळखतस. तोच आवाज पाहिजे."

त्यांनी डब्याच्या कड्या उघडल्या, स्वतःचा फोन काढला, पण या घोषणेला तो चालणार नाही म्हणून परत ठेवला आणि व्याह्यांना त्यांचाच फोन हातात घ्यायला लावला. व्याह्यांनी अडखळत, दोनदा खाकरून, आपल्याच आवाजात सांगितलं. विहीणबाई इन्सुलिन घेतात. बंद केलं तेव्हा त्या आजारी पडल्या. मी चुकीचं पाठवलं. कुणी औषध सोडलं असेल तर डॉक्टरांना भेटा. ज्या ज्या ग्रुपवर फोटो टाकला होता, त्या त्या ग्रुपवर ते गेलं. माफी नाही, भाषण नाही. निघताना जमनाबेनांच्या मुलीनं आईचा हात सोडला नाही आणि व्याह्यांनी आम्हाला गाडीत बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या, हे आम्हाला मुलीनं कळवलं.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी हे लिहायला बसले नसते.

सुधारलेली घोषणा विसरवाडीच्या आसपास पोचली आणि थांबली. फोटो पुढे गेला. काही दिवसांनी तो शेठजींना राजस्थानातल्या एका नातेवाइकाकडून आला, हिंदीत, गावाचं नाव बदलून. मग गुजरातीत आला. प्रत्येक वेळी कंट्रोलर डबा उघडत आणि पाठवणाऱ्याचा नंबर मिळवून त्याला स्वतः फोन करत. ग्रुपवर उत्तर लिहीत नसत. "चारचौघांत चुकला म्हटलं की माणूस आणखी चुकतो," असं त्यांना वाटे. अनोळखी माणसाशी ते आधी हवापाण्याचं बोलत, त्याची तब्येत विचारत, मग जमनाबेनांचं सांगत. मी म्हणायचे, "एकेकाला किती फोन करणार? पत्रक काढू." ते म्हणायचे, "तू पत्रक काढ. मी फोन करस." आम्ही दोघंही थांबलो नाही.

हा वर्ग का सुरू केलात, असं मी त्यांना अनेकदा विचारलं. दर वेळी वेगळं उत्तर. कधी म्हणत, घरी सून पंखा लावू देत नाही. कधी म्हणत, पत्तेवाल्यांचा राग होता. एकदाच, चहा संपल्यावर, रस्त्याकडे बघत म्हणाले, की जन्मभर माणसं मला विचारत आली, गाडी कधी आहे, कुठं लागते, आणि घरी बसलो तेव्हा कळलं की आता आपल्याला कुणी काही विचारत नाही. माझ्याच वयाच्या माणसांनाही कुणी विचारत नाही, नुसतं सांगतात. हे बोलून त्यांनी पोंगा केला आणि कुणाचं तरी नाव पुकारलं.

गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. शेठजींनी सगळ्यांना निरोप पाठवला. त्यात नाव होतं, गाव होतं, वेळ होती, स्मशानात कुठल्या रस्त्यानं यायचं ते होतं आणि खाली पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव होतं. तो वाचून मी पहिल्यांदा रडले.

निवारा आहे. माणसंही येतात, बसतात, फोन पालथे ठेवतात. चहा येतो. पण नाव कुणी पुकारत नाही. एकदा मी हाताचा पोंगा तोंडाशी नेला आणि तसाच खाली घेतला. जमनाबेन म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, माय." कंट्रोलरांशी वाद घालायला, हरायला, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायला माझ्याकडे हजार गोष्टी साठल्या आहेत. मला त्यांना सांगायचं आहे, की फोटो अजून फिरतोय. आता त्यात जमनाबेनांचं वय कमी केलंय आणि मागे एका देवळाचं चित्र लावलंय.

तो तुमच्यापर्यंत येईल. कदाचित आलाही असेल. हिरवी बांधणी, डोक्यावर पदर, किंचित हसणारी म्हातारी बाई आणि खाली लिहिलेलं की हिचं इन्सुलिन सुटलं. जमनाबेन आजही दोन वेळा इन्सुलिन घेतात. हे मी ऐकीव सांगत नाही, काल त्यांच्या शेजारी बसून पाहिलंय.

म्हणून एक मागते. फोटो आला तर पुढे ढकलू नका, पण नुसता पुसूनही टाकू नका. ज्यानं तो पाठवला, तो तुमचा काका असेल, मामा असेल, सासरा असेल, त्याच्या घरी जा. ग्रुपवर त्याला काही लिहू नका. त्याच्याकडचा चहा घ्या, तब्येत विचारा. मग सांगा, की या बाईंनी औषध सोडलेलं नाही. आणि त्याच्या डोळ्यांत बघून, त्याला खरं बोलायला अवघड वाटणार नाही अशा आवाजात विचारा, "तुम्ही तर तुमची गोळी बंद केली नाहीत ना?"